चौकोन सात

जुलैचा दुसरा आठवडा. नोव्हा स्कोशिया. माझा चौकोन सात,
मीटरभर लांब, मीटरभर रुंद, कोपऱ्यांना खिळे, खिळ्यांना सुतळी.
माएल म्हणते, खणायचं नाही, खरवडायचं.
ती तेवीस वर्षांची, मी सदुसष्ट.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली याच रस्त्यानं,
या कुरणाशी आलं की गिअर बदलत.
आता गुडघ्यांखाली रबराची उशी, हातात थापी,
आणि त्याच वळणाच्या पोटात शिरते आहे
एका वेळी नाण्याच्या जाडीनं.

बादली भरली की चाळणी.
चाळणीत खडे, मुळं, गांडूळ.
गांडूळ उचलून बाजूला सोडायचं,
हे कुणी शिकवलं नाही, सगळेच सोडतात.
पहिल्या दिवशी एक खिळा.
दुसऱ्या दिवशी काही नाही.
'काही नाही' हेही वहीत लिहावं लागतं:
तारीख, खोली, मातीचा रंग.
नुसतं लाल म्हणून भागत नाही.
किती लाल, ते विचारतात.

शेजारच्या चौकोनात एव्हारिस्त थिबोदो,
लुईझियानात एसी दुरुस्त करतो,
रजा काढून, पदरचं तिकीट काढून आलेला.
'आम्हाला इथून बोटींत कोंबलं,' म्हणतो.
आम्हाला.
अडीचशेहून जास्त वर्षं झाली,
तो सांगतो गेल्या मंगळवारचं सांगावं तसं.
मी थापीची धार पुसत राहते.
त्याला कसं सांगू, की बोटी गेल्यावर
पाच उन्हाळ्यांनी जे आले ते आमचे;
की हे कुरण माझ्या आजोबांनी नांगरलं;
की जमीन मिळाल्याचा कागद
चौकटीत घालून आमच्या जिन्यात लावलाय,
आणि त्यावर लिहिलंय: मोकळी जागा.

चौथ्या दिवशी दुपारी काळा थर.
बोटभर जाड, काजळीसारखा मऊ.
बोलणी आपोआप थांबली.
खाडीचं पाणी तेव्हा मागं गेलेलं,
दूर नुसता चिखल चकाकत होता.
थराखाली एक ढेकूळ, विटकरी, मुठीएवढं.
उलटलं तर आत गवताचे ठसे,
पात्यावरच्या शिराही मोजता येतील असे.

'भिंत,' माएल म्हणाली.
दलदलीची माती, दलदलीचंच गवत,
पायांनी तुडवून लिंपलेलं.
घर तसंच उभं राहतं,
तर दोनचार पावसांत विरघळून
पुन्हा चिखल झाला असता.
पेटवलं, म्हणून भाजलं.
भाजलं, म्हणून उरलं.
पेटवणाऱ्यांच्या हे ध्यानीमनी नव्हतं.

एव्हारिस्तनं ते ओंजळीत घेतलं,
आजारी पाखरू धरावं तसं.
तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं:
'हे असले तुकडे नांगराला लागायचे.
आजोबा बांधावर फेकायचे.
आम्ही पोरं कावळ्यांना मारायचो.'
तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ, ते
वहीत लिहिलेलं नाही.
मग विचारलं, 'लागायचे का?'
'एकही नाही.'
'बरं झालं,' म्हणाला, आणि पुन्हा वाकला.

शेवटच्या दिवशी खड्डे बुजवायचे.
तळाशी कापड अंथरायचं, त्यावर चालू सालचं नाणं,
पुढं कधी कुणी खणलं तर कळावं
की आपण इथवर येऊन गेलो.
सगळ्यांनी खिसे चाचपले. सगळ्यांकडे कार्डं.
एव्हारिस्तकडे एक नाणं निघालं, त्याच्या देशाचं.
'परकं चालेल?'
माएल म्हणाली, 'साल वाचता आलं की झालं.'

आज रविवार.
बांधावर गेले होते, बादली घेऊन.
ब्लॅकबेरीच्या काट्यांत, दगडांच्या फटींत
अजून आहेत. अकरा सापडले.
माएल म्हणेल, यांचा उपयोग नाही,
जागेवरून हललेली वस्तू बोलत नाही.
म्हणू दे.
जिन्यातल्या कागदाखाली पायरीवर
मी ते ओळीनं मांडलेत.
वर जाताना आता जपून पाय टाकावा लागतो.